विश्लेषण : प्रत्येक प्रवाशाच्या हाती कॅमेरा, मग छायाचित्रे सपाट का येतात?

आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली महामार्गावरचे, कळमनुरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. औंढा नागनाथचे दर्शन, नर्सी नामदेवची यात्रा, नांदेडचा गुरुद्वारा, पावसाळ्यात इसापूर धरण आणि सुट्टीत वेरूळ-अजिंठा असे प्रवास इथल्या कुटुंबांना नित्याचे आहेत. अशा प्रत्येक फेरीतून मोबाइलमध्ये छायाचित्रांचा ढीग घरी येतो, पण पुन्हा काढून पाहावीत अशी त्यात मोजकीच असतात. मोबाइल महाग घेतला म्हणजे हा प्रश्न सुटतो का? मंदिरात, लेण्यांत, धबधब्याजवळ छायाचित्रणाचे नियम काय आहेत? आणि सामान्य प्रवाशाच्या छायाचित्रांचे मोल त्याच्या कुटुंबापलीकडेही असते का, याविषयी.

हा विषय आताच चर्चेत का?

राज्यातील पर्यटनस्थळांवर गर्दी वाढते आहे आणि या गर्दीतील जवळजवळ प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आहेत. अजिंठा आणि वेरूळ तर १९८३ पासून या यादीत आहेत. दुसरीकडे, छायाचित्रे आणि रील यांच्या अतिरेकामुळे देवस्थानांनी मोबाइलवर बंधने आणली. उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिरात डिसेंबर २०२२ पासून मोबाइलला बंदी घालण्यात आली. जुलै २०२३ मध्ये केदारनाथ मंदिराच्या आतही छायाचित्रण आणि चित्रीकरणाला मनाई झाली. म्हणजे छायाचित्र काढणे आजइतके सोपे कधीच नव्हते आणि ते कुठे, कसे काढावे याचे भान राखण्याची गरजही आजइतकी कधी नव्हती.

मोबाइलचा कॅमेरा नेमके काय करतो?

जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात बटण दाबले की एक चौकट प्रकाशात उघडायची आणि बंद व्हायची. मोबाइलमध्ये तसे होत नाही. त्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर नखापेक्षाही लहान असतो, त्यामुळे त्यावर पडणारा प्रकाश मुळातच कमी असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मोबाइल एका क्षणात अनेक चौकटी टिपतो, त्या एकमेकींवर बसवतो, आकाश थोडे गडद करतो, सावली थोडी उजळतो आणि मग एकच छायाचित्र दाखवतो. गूगलने २०१४ च्या सुमारास एचडीआर प्लस या नावाने हे तंत्र मोबाइलमध्ये आणले. २०१८ मध्ये त्यांच्या पिक्सेल मोबाइलमध्ये ‘नाइट साइट’ आले आणि २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये नाइट मोड आला. आता मध्यम किमतीच्या मोबाइलमध्येही या सोयी असतात.

याचा अर्थ असा की तांत्रिक कौशल्याचा मोठा भाग यंत्राने उचलला आहे. कुठे उभे राहायचे, कोणत्या वेळी जायचे, चौकटीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे मात्र यंत्र ठरवत नाही. छायाचित्रे सपाट येण्याचे कारण बहुधा इथेच असते. दर्शनाच्या घाईत, भर दुपारी, सगळे एकाच जागी उभे राहून, छातीच्या उंचीवरून तेच दृश्य टिपतात.

काही गोष्टी यंत्राच्या मर्यादा ओळखल्या की सुधारतात. मोबाइलचे मुख्य भिंग बरेच रुंद दृश्य टिपते. त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ताणल्यासारखा दिसतो आणि मोबाइल वर वाकवून मंदिराचे शिखर घेतले की भिंती मागे झुकतात. उपाय साधा आहे. मागे सरकावे, मोबाइल सरळ धरावा आणि सोय असेल तर दुप्पट झूमचे भिंग निवडावे. बोटांनी पडदा ताणून केलेला झूम मात्र बहुतेकदा छायाचित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, त्यात नवा तपशील येत नाही. आणखी एक गोष्ट अनेकजण विसरतात, ती म्हणजे भिंग पुसणे. खिशातल्या मोबाइलच्या भिंगावर बोटांचे तेल आणि धूळ साचते, त्याने दिव्यांभोवती धुरकट वलय येते. सुती रुमालाने दोन सेकंद पुसले तरी फरक दिसतो.

औंढ्याचे काळे मंदिर छायाचित्रात फिके का दिसते?

औंढा नागनाथचे मंदिर काळ्या दगडाचे आणि बाहेरच्या भिंतींवर दाट शिल्पकाम असलेले आहे. कॅमेऱ्याला ते अवघड जाते, याला कारण आहे. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मध्यम राखडी छटेच्या आसपास आणण्याचा प्रयत्न करतो. समोर काळा दगड भरून असला तर तो अंधार समजून दृश्य उजळतो. मग दगड राखाडी होतो आणि मागचे आकाश पांढरेफटक पडते. याउलट पांढऱ्या संगमरवरी वास्तूसमोर तोच कॅमेरा दृश्य काळवंडतो.

त्यासाठी पडद्यावर शिल्पावर बोट टेकवावे. बहुतेक मोबाइलमध्ये तिथे सूर्याचे छोटे चिन्ह येते. बोट खाली सरकवले की छायाचित्र गडद होते, वर सरकवले की उजळते. काळ्या दगडासाठी किंचित खाली सरकवणे पुरते. बोट थोडा वेळ दाबून ठेवले तर अनेक मोबाइलमध्ये उजेड आणि फोकस दोन्ही तिथेच बांधले जातात.

दुसरा मुद्दा प्रकाश कोणत्या बाजूने येतो हा. शिल्पावर समोरून ऊन पडले तर उठाव मरतो. तेच ऊन बाजूने, तिरके आले तर प्रत्येक घडीची सावली पडते आणि मूर्ती दगडातून बाहेर आल्यासारखी दिसते. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले, अशी कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. छायाचित्र काढणाऱ्याने देऊळ फिरण्याची वाट न पाहता स्वतः देवळाभोवती फिरावे. प्रदक्षिणा घालताना कोणत्या भिंतीवर सकाळी तिरके ऊन येते आणि कोणती संध्याकाळसाठी राखून ठेवावी, हे एका फेरीत कळते.

मराठवाड्याच्या उन्हात कोणती वेळ साधावी?

हिंगोली जिल्हा साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो याच सुमारास. अशा वेळी माणसाच्या भुवईची सावली डोळ्यांवर पडते, चेहऱ्यावर काळे खड्डे दिसतात. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास हाच खरा छायाचित्रांचा वेळ असतो. दुपारीच जावे लागले तर माणसांना झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीच्या कडेला उभे करावे. तिथे प्रकाश मऊ असतो.

पावसाळ्यातले ढग अनेकांना अडचण वाटतात, प्रत्यक्षात ते फायद्याचे असतात. ढग प्रकाश पसरवतात, त्यामुळे हिरवा रंग, ओला दगड आणि चेहरे चांगले येतात. फक्त पांढरे आकाश चौकटीत कमी घ्यावे.

प्रवास म्हणजे दूरचेच ठिकाण, असेही नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हिंगोली जिल्ह्यात हळद काढणे, शिजवणे आणि वाळवणे चालते. हळद शिजवताना निघणारी वाफ समोरून येणाऱ्या उन्हात टिपली तर ती धुरासारखी न दिसता उजळून निघते. वाळत घातलेल्या हळदीचा पिवळा मात्र मोबाइल अनेकदा भडक करून टाकतो. तिथेही बोट टेकवून उजेड थोडा कमी केला की हळकुंडांचा पोत दिसू लागतो.

फ्लॅश न वापरता अंधारात छायाचित्र कसे घ्यावे?

या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्यातच, अजिंठ्यात, मिळते. लेण्यांतील चित्रे प्रकाश, दमटपणा आणि गर्दी यांमुळे झिजतात, म्हणून तिथे फ्लॅशला बंदी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी ही चित्रे लेण्यातल्या मंद प्रकाशातच टिपली. प्रखर दिवे लावण्याऐवजी कॅमेरा स्थिर ठेवून त्यांनी भिंगाला बराच वेळ प्रकाश गोळा करू दिला. फ्लॅशच्या चमकेत हरवणाऱ्या छटा त्यामुळे दिसल्या.

मोबाइलचा नाइट मोड हेच तत्त्व वापरतो. तो एक-दोन सेकंद किंवा अधिक वेळ प्रकाश गोळा करतो, म्हणून तेवढा वेळ हात हलता कामा नये. कोपर छातीशी टेकवावे, खांबाला किंवा भिंतीच्या कठड्याला पाठ लावावी, श्वास रोखावा. चित्र किंवा शिल्प असलेल्या भागाला मात्र टेकू नये. दोन सेकंदांचा टायमर लावला तर बटण दाबतानाचा धक्काही टळतो. अंधारात अतिरुंद भिंग टाळावे, कारण त्याचा सेन्सर बहुधा आणखी लहान असतो. दहा फुटांपलीकडच्या दीपमाळेवर किंवा सभामंडपाच्या छतावर मोबाइलचा फ्लॅश पोहोचतच नाही. समोरच्या माणसाची पाठ तेवढी उजळते आणि दर्शन घेणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडतो.

कुठे परवानगी आहे आणि कुठे मनाई?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुलै २०१८ मध्ये केंद्र संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाला मुभा दिली. त्यातून तीन अपवाद ठेवले: अजिंठ्याची चित्रे, लेहच्या राजवाड्याचा अंतर्भाग आणि ताजमहालातील कबरीचे दालन. ही मुभा साध्या छायाचित्रणापुरती आहे. तिपाई, दिवे, व्यावसायिक चित्रीकरण किंवा लग्नपूर्व छायाचित्रण यांसाठी वेगळी परवानगी लागते. अजिंठ्यात प्रवेशद्वारावरील सूचना वाचणे आणि लेण्यातील पहारेकऱ्याचे ऐकणे हाच मार्ग योग्य.

मंदिरे, दर्गे आणि गुरुद्वारे यांचे नियम त्या-त्या संस्थेचे असतात आणि ते बदलत राहतात. गर्भगृहात बहुतेक ठिकाणी मनाई असते. विचारायला दोन मिनिटे लागतात, वाद घालायला त्याहून जास्त.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. देशाचे आकाश हिरवा, पिवळा आणि लाल अशा विभागांत वाटले असून त्याचा नकाशा ‘डिजिटल स्काय’ या मंचावर आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी चालक परवाना लागत नाही, पण म्हणून तो कुठेही उडवता येतो असे नाही. स्मारके, विमानतळ आणि संरक्षण आस्थापनांभोवती स्वतंत्र बंधने आहेत. रेल्वे रुळांवर उतरून छायाचित्र किंवा रील काढणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

माणसांची छायाचित्रे काढताना काय पाळावे?

शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी हिंगोली जिल्ह्यातून परभणीकडे जाते. अशा वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मोबाइल उंचावलेले असतात. सार्वजनिक ठिकाणी सोहळ्याचे छायाचित्र काढणे हा गुन्हा नाही. मात्र नदीवर स्नान करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरतो. पहिल्या दोषसिद्धीसाठी एक ते तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ हा व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती वापराला लागू होत नाही. पण छायाचित्रांतून कमाई करणारे पान या सवलतीत बसेलच असे नाही.

कायद्याच्या अलीकडेही एक साधी रीत आहे. आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या मावशींचा किंवा झाडाखाली विसावलेल्या वारकरी बाबांचा चेहरा जवळून टिपायचा असेल तर आधी ‘रामकृष्ण हरी’ म्हणावे, चार शब्द बोलावेत, ‘फोटो काढू का?’ असे विचारावे. होकार मिळाला की चेहऱ्यावरचा ताणही जातो आणि छायाचित्र आपोआप चांगले येते. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढू नये आणि काढलेले जगजाहीर करू नये. चालत्या दिंडीसाठी बटण दाबून ठेवून सलग चौकटी घ्याव्यात. पावले हवेत असलेली, पताका उलगडलेली एखादी चौकट त्यात सापडते.

छायाचित्राचा मोह जिवावर कधी बेततो?

‘एम्स’च्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील जगभरच्या बातम्या तपासल्या. त्यात सेल्फी काढताना १३७ घटनांत २५९ मृत्यू झाल्याचे आढळले. सर्वाधिक मृत्यू भारतातील होते आणि बुडणे हे प्रमुख कारण होते. २०१६ मध्ये मुंबईत किनाऱ्यांसह काही ठिकाणे ‘नो सेल्फी झोन’ ठरवावी लागली. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ रील करताना एका तरुणीचा दरीत कोसळून मृत्यू झाला.

यामागे छायाचित्रणाचेही एक कारण आहे. सेल्फीचा कॅमेरा हाताच्या अंतरावरून रुंद दृश्य घेतो. त्यामुळे मागचा धबधबा लहान दिसतो आणि तो मोठा दिसावा म्हणून माणूस मागे, कड्याकडे सरकत राहतो. पाठीमागे काय आहे ते त्याला दिसत नाही. याउलट सोबत्याला पंधरा-वीस पावले दूर उभे करून झूमच्या भिंगाने छायाचित्र काढायला सांगितले तर धबधबा माणसामागे मोठा दिसतो आणि माणूस कठड्याच्या आत राहतो. सुरक्षित छायाचित्र इथे दिसायलाही सरस ठरते. इसापूर धरणाच्या जलाशयावर किंवा पूर आलेल्या कयाधूच्या पुलावरही हाच नियम लागू आहे.

इतकी छायाचित्रे टिकतात का, आणि त्यांचे मोल काय?

छायाचित्र टिकवण्यात सर्वाधिक नुकसान व्हॉट्सॲपवरून पाठवताना होते. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र दाबून लहान केले जाते. ऑगस्ट २०२३ पासून ‘एचडी’चा पर्याय मिळाला, मूळ प्रत हवी असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. आता मेल आणि इतर फायलींसह १५ जीबी मोफत मिळतात. म्हणून प्रवासातून परतल्यावर त्याच आठवड्यात सारखी आणि हललेली छायाचित्रे काढून टाकावीत, निवडक वीस-तीस वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवावीत. प्रत्येकाला ठिकाण, दिनांक आणि दिसणाऱ्या माणसांची नावे द्यावीत. चार छायाचित्रांच्या छापील प्रती काढल्या तर त्या मोबाइल हरवला तरी राहतात.

छायाचित्र टिकण्याचे महत्त्व अजिंठ्याच्याच इतिहासात दिसते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून लेण्यांतील चित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या. त्यातील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. गिल यांनी कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची दृश्ये मात्र १८६४ मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. छापील प्रती अनेक ठिकाणी पोहोचल्याने एका आगीत सगळे गेले नाही.

अजिंठ्याची नोंद ठेवायला जग धावून आले. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. इथल्या गढ्या, बारवा, वीरगळ, जुने वाडे आणि बाजार यांच्याकडे तसे कोणी धावून येणार नाही. त्यांची नोंद करू शकतो तो इथलाच प्रवासी. विकिमीडिया कॉमन्सवर कोणालाही स्वतःचे छायाचित्र मुक्त परवान्याने देता येते. तिथून ते मराठी विकिपीडियाच्या लेखात जाऊ शकते. दर सप्टेंबरमध्ये ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धाही अनेक देशांत होते. भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याकडे आपोआप येतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. सार्वजनिक जागी कायम असलेल्या वास्तूचे किंवा शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करायलाही कायद्यात मुभा आहे.

अशा नोंदीसाठी तीन छायाचित्रे पुरतात: एक संपूर्ण वास्तूचे, दूरून, एक मधल्या अंतरावरून, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते, आणि एक शिलालेखाचे किंवा शिल्पाचे, तिरक्या उन्हात, जवळून. सोबत गावाचे नाव आणि दिनांक. पुढच्या पावसात बारवेची एखादी भिंत ढासळली, तर ती कशी होती हे सांगायला ही तीनच छायाचित्रे उरतील.